पोर्टची आडवी मांडणी

लोहाऱ्यात एसटी स्टँडच्या समोर श्रीमंत मालकांचं वाईन शॉप आहे. आत शिरलं की डाव्या हाताला, अगदी भुईला टेकून, गुडघ्याएवढ्या उंचीचा एक लाकडी कप्पा असायचा. बाकीचं सगळं दुकान उभं. व्हिस्की उभी, रम उभी, बियर तर फ्रीजमध्ये पलटणीसारखी उभी. या एका कप्प्यात मात्र पोर्ट वाईनच्या बाटल्या आडव्या असायच्या. खाली दुहेरी गोणपाट, दोन बाटल्यांच्या मधी वाळल्या गवताची चिमूट, वरून ओलसर फडकं. बंडप्पा बाटली ठेवायचा नाही, निजवायचा. मान भिंतीकडं, बूड माणसाकडं, अशी एकेक.

"बाकीची दारू म्हंजी पाव्हणा," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "कुठंबी उभा ऱ्हाईल. ही माहेरवाशीण हाय. हिला ऊन नको, धग नको, धक्का नको."

बंडप्पा सास्तूरचा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि नोकरी बावीस वर्षं या दुकानात. दारूला उघडा हात लावायचा नाही हा त्याचा नेम. खांद्यावरची दस्ती हातात घ्यायची, दस्तीनंच बाटली उचलायची, दस्तीनंच पुसायची, दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवायची. रोज येणारा उत्तरेश्वर त्याला चिडवायचा, "बंडप्पा, बाटलीला शिवत न्हाईस आन् भाकर बाटलीचीच खातूस की!"

"खातो. पर शिवून खात न्हाय."

त्यानं आयुष्यात थेंब चाखला नव्हता, पण पोर्टचं त्याला सगळं कळायचं. बाटली उजेडाकडं धरली की जांभळाच्या रंगावर विटकरी झाक आली आहे का, ते तो नजरेनं सांगायचा. चैत्र लागला की गोणपाटावर दोन वेळा पाणी शिंपडायचा. पोर्ट नेणारी माणसंही निराळी. रक्त वाढतं म्हणून नेणारे म्हातारे, कुणी सुनेसाठी, कुणी थंडीसाठी, सगळे कापडी पिशवी आणून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून नेणारे. उमरग्याहून माणूस यायचा आणि म्हणायचा, तुमच्याकडची गोड लागते हो. बंडप्पा त्या दिवशी घरी जाऊन बायकोला, प्रेमाबाईला, ते दोनदा सांगायचा.

श्रीमंत मालक गेल्या वर्षी गेले. गादीवर मुलगा आला, रणधीर. बंडप्पानं त्याला खांद्यावर घेऊन स्टँडवरच्या गाड्या दाखवलेल्या. पुण्याला शिकून आलेला, मनानं चांगला, आवाज कधी चढवायचा नाही. त्यानं दुकानाची लोखंडी जाळी काढली, काच बसवली. हिशेब मशीनवर गेला, बाटली मशीननं ओळखायला सुरुवात केली, गिऱ्हाईक आपल्या हातानं बाटली घेऊ लागलं. एकेक करत बंडप्पाच्या हातातलं काम निसटत गेलं, मुठीतली वाळू निसटावी तसं. उरली ती मांडणी.

आणि त्या शनिवारी सकाळी दुकान उघडलं तर गल्ल्याच्या मागं, बरोब्बर रणधीरच्या खुर्चीच्या डोक्यावर, एक काचेचं कपाट उभं होतं. फरशीपासून छतापर्यंत. सात फळ्या, प्रत्येक फळीखाली पिवळ्या दिव्यांची माळ. आदल्या दिवशी बंडप्पाची सुट्टी होती, तेवढ्यात पोर्टच्या कंपनीची माणसं बसवून गेली होती.

"काका, बघा," रणधीर म्हणाला. "खास पोर्टसाठी आहे. खालपासून वरपर्यंत नुसती पोर्ट. चार वाजता कंपनीवाले फोटो काढणार, सोलापूर भागातलं हे पहिलंच. तुमच्याशिवाय कोण मांडणार?"

बंडप्पानं मान वर केली, आणखी वर केली. मग खाली घातली.

"वर पत्रा हाय, बाबा. उन्हाळ्यात वाईन शिजंल."

"शिजायला ती तिथं राहिली पाहिजे ना! दिसली की खपते, काका. न दिसणारी चीज आजकाल कोण घेतंय?" रणधीर हसला. मग आवाज हळू करून म्हणाला, "हे बघा, आता दुकानात एवढंच काम उरलंय तुमच्याजोगं. मशीन तुम्हाला जमत नाही, पेट्या उचलणं पाठीला झेपत नाही. हे कपाट तुम्ही सांभाळा. तुमची जागा पक्की. मलाही कुणाला सांगायला तोंड राहील."

बंडप्पाला त्या बोलण्यातली माया कळली आणि दुसरी बाजूही कळली. "व्हय, बाबा," तो म्हणाला.

अकराच्या सुमाराला कंपनीचा कृष्णराज आला. इस्त्रीचा सदरा, हातात टॅब. आल्या आल्या त्यानं विचारलं, "आत्ताचा स्टॉक कुठंय?" रणधीरनं बुटक्या कप्प्याकडं बोट केलं. कृष्णराज उकिडवा बसला. फडकं उचललं आणि तसाच राहिला.

"हे कुणी आडवं टाकलं?"

"निजवलंय," बंडप्पा म्हणाला.

कृष्णराजनं एक बाटली उचलली. ती गोणपाटाला चिकटली होती, उचलताना चर्र आवाज झाला. मानेवरून काळपट ओघळ आलेला, लेबलावर डाग, आणि त्या ओघळावरून मुंग्यांची रांग, भिंतीतली फट ते बाटली, बाटली ते फट. दुसरी तशीच. तिसरी. बुडाकडून बघताना, रोज पुसताना, हे बंडप्पाला दिसलं नव्हतं. मान त्यानं भिंतीकडं केलेली.

"काका, संक्रांतीपासून कंपनीनं बाटली बदलली. आधी पिळाचं झाकण होतं, तेव्हा कशीही ठेवा. आता बूच आहे, बूच. ही वाईन साधी नसती, हिच्यात स्पिरिट असतं. आडवी ठेवली की ते बुचाला खातं. ही उभीच ठेवायची असती. पेटीवर बाण नव्हते का?"

बाण होते. दोन काळे बाण, वर तोंड केलेले. बंडप्पानं ते पाहिले होते. पेटी उघडताना प्रत्येक वेळी पाहिले होते आणि प्रत्येक वेळी बाटली आडवीच केली होती.

"व्हते," तो म्हणाला.

"मग?"

याला त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते इस्त्रीच्या सदऱ्याच्या माणसाला द्यायचं नव्हतं.

सास्तुरात त्याच्या घरी कंबरेच्या वर काही नाही. देव भुईवर, डबे भुईवर, आरसासुद्धा भिंतीला खाली टेकवलेला. प्रेमाबाई बसून कुंकू लावते. "आमच्या घरी उंदराची लई चंगळ," ती शेजारणींना सांगते, "त्यान्ला शिडी लागत न्हाय." हसण्यावारी नेते, पण इतक्या वर्षांत तिनं एक खुंटीसुद्धा ठोकलेली नाही.

भूकंपाच्या साली बंडप्पा पंधराचा होता. जुनं घर दगडमातीचं, वर माळवद. गणपती बोळवून आल्यावर त्या संध्याकाळी त्यानं आईला मांडणी लावून दिली होती. पितळी घागरी, तांबे, डेगी एकावर एक, चिंचेनं घासून लखलखीत. सगळ्यात वरची मोठी घागर त्यानं चवड्यावर उभं राहून चढवली आणि धाकटी बहीण टाळ्या वाजवत म्हणाली, "अण्णा, आता घर देवळासारखं दिसायलंय." नऊ वर्षांची पोर, पण घरात सगळे तिला लाडानं शांताक्काच म्हणत. चकाकी बघत ती मांडणीखालीच अंथरूण ओढून झोपली. आई जात्यावर बसली की म्हणायची,

भुईवरी ठेव बाई, भुई आपुली गं माय
मायेच्या मांडीवर, भ्यावं लेकरानं काय

आणि पहाटे त्याच मायेनं कूस बदलली.

सगळ्या गावानं बंडप्पाला सांगितलं, भिंत पडली रे, भिंत. घागरीनं काय होतंय? डॉक्टरनं सांगितलं, मिलिटरीच्या जवानानं खुणेनं सांगितलं, आईनं तर मरेपर्यंत सांगितलं. तो मान हलवायचा. त्यानं दगड बाजूला केले तेव्हा शांताक्काच्या उशाशी घागर होती, एवढंच त्याला ठाऊक. तेव्हापासून त्याचा हात कुठलीही वस्तू उभी दिसली की आडवी करायचा आणि वर दिसली की खाली उतरवायचा. विचार करून नव्हे. डोळ्याची पापणी मिटते तसं.

रणधीर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो कप्प्यापाशी आला, मुंग्या बघितल्या, बंडप्पाकडं बघितलं आणि म्हणाला, "जाऊ द्या. नव्या पेट्या आत आहेत. चारपर्यंत कपाट लावा काका, मग कुणी काही म्हणणार नाही."

बाटल्यांच्या पेट्या गल्ल्याजवळ आल्या. खुर्ची बाजूला झाली, स्टूल आला. बंडप्पानं दस्ती हाताला गुंडाळली. सगळ्यात खालच्या फळीवर त्यानं पहिली बाटली उभी ठेवली. हात काढला. बाटली उभी राहिली. दुसरी ठेवली, तिसरी, लेबलाला लेबल जुळवून, मधी बोटभर जागा सोडून. खालची फळी अशी लागली की कृष्णराजनंही मान डोलावली.

"वा! हात बसलाय काकाचा."

दुसरी फळी लागली. तिसरी छातीएवढी, तिथं तो जरा थांबत थांबत गेला, कपाळावरची विभूती घामात विरघळली, पण लागली. दोन वाजले. चौथी फळी खांद्याच्या वर होती. त्यानं बाटली चढवली. बूड लाकडाला टेकलं, टक्. आता हात काढायचा.

हात निघाला नाही.

त्यानं मनाशी म्हटलं, सोड. बोटं त्याचीच होती, पण ऐकत नव्हती. दस्तीत गुंडाळलेला पंजा बाटलीच्या मानेभोवती तसाच. बाहेरून उसाचा एक ट्रक गेला आणि सगळं कपाट किणकिणलं. त्याची मूठ आणखी आवळली.

"काय झालं काका?"

"काय न्हाय. बसवायलोय."

त्यानं बाटली खाली घेतली, श्वास घेतला, पुन्हा चढवली. तेच. तिसऱ्यांदा तेच. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. उत्तरेश्वर आला, बघत उभा राहिला. "बंडप्पा, बाटलीला नवस बोलायलास का काय?" दोघं-तिघं हसले. मग उत्तरेश्वरनं त्याचा चेहरा बघितला आणि हातातलं पाकीट उगाच खिशात घातलं, पुन्हा काढलं, मशीनवर बिल केलं आणि खाली बघत निघून गेला.

"मला जमंल," बंडप्पा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "टायम द्या थोडा. मला जमंल, बाबा."

रणधीरनं वेळ दिला. चहा मागवला. बंडप्पानं देवाचं नाव घेतलं, डोळे मिटून ठेवून बघितलं, डाव्या हातानं ठेवून बघितलं. दस्ती सोडून, नेम मोडून, उघड्या हातानं ठेवून बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा काच त्याच्या तळव्याला लागली. थंड होती. पण तळवा सुटला नाही.

चार वाजले. कृष्णराज घड्याळ बघत म्हणाला, "तुम्ही तेवढा हात काढा काका, मी फोटो घेतो. उरलेलं आम्ही भरतो."

"काढतो."

"काढा ना मग."

"काढतो म्हणलं की!" बंडप्पा ओरडला. दुकानात तो पहिल्यांदाच ओरडला होता. आवाज काचेवर आपटून परत आला आणि तो स्वतःच दचकला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. दुसरा हात होता, पण तोही आता फळीच्या कडेला धरून बसला होता.

रणधीर स्टुलावर चढला. त्याच्या पंज्यावर आपला पंजा ठेवला आणि एकेक बोट सोडवलं. करंगळी, मग अनामिका, मग मधलं, लेकराच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसं. अंगठा शेवटी सुटला. बाटली उभीच राहिली. कुठंही पडली नाही.

"बघा," रणधीर हळू म्हणाला. "पडली का?"

"न्हाय."

"मग?"

"आत्ता न्हाय पडली," बंडप्पा म्हणाला.

पुढचं काम कृष्णराज आणि त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं वीस मिनिटांत केलं. चौथी, पाचवी, सहावी, आणि छताला टेकलेली सातवी. त्यांचे हात ठेवायचे आणि लगेच दुसरी बाटली घ्यायला वळायचे, मागं बघायचेसुद्धा नाहीत. बंडप्पा कोपऱ्यात उभा राहून बघत होता. माणसं असंही ठेवू शकतात, याचं त्याला खरोखर नवल वाटत होतं. दिवे लागले. पोर्टमधून पिवळा उजेड आला आणि सगळं दुकान जांभळं झालं. सुंदर दिसत होतं. फोटो निघाला. कृष्णराज हात मिळवून गेला.

खुर्ची परत जागेवर आली. रणधीर बसला. त्याच्या केसांवर जांभळा उजेड पडला होता आणि त्याच्या वर, ओळीवर ओळ, त्या सगळ्या उभ्या.

"काका, बसा," तो म्हणाला. बंडप्पा बसला नाही. "मी खूप विचार केला. मागच्या खोलीत काम द्यावं तर तिथं पेट्या छतापर्यंत. काउंटरला मशीन. तुम्ही आता घरी आराम करा. तुमचं मी बघीन, वडलांनी सांगून ठेवलंय. पगाराची काळजी करू नका."

"पगाराचं न्हाय, बाबा."

"मग काय? सांगा ना."

बंडप्पाला पुष्कळ सांगायचं होतं. पण जिभेवर आलं ते एवढंच, "खुर्ची तेवढी हलवा."

"काय?"

"खुर्ची. हितून तिकडं घ्या. दाराकडं. म्या दुसरं कायबी मागत न्हाय. मला घरी बसवा, माझा राग न्हाय. पर खालून उठा."

रणधीरनं वर बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं. त्याला कळलं. कळलं म्हणूनच तो इतक्या समजुतीनं बोलला. "काका, भिंतीत लोखंडी अँगल आहेत. मोठे बोल्ट आहेत. हे बघा, हलवून दाखवतो." त्यानं बसल्या बसल्या कपाटाला हात लावून गदागदा हलवायचा आव आणला. बाटल्या किणकिणल्या.

"नगं! नगं, बाबा!"

"बरं, नाही हलवत. पण खुर्ची कुठं नेऊ? मशीन इथं, वायर इथं, गल्ला फरशीत पक्का केलेला. तुम्हीच सांगा."

बंडप्पानं दुकानभर नजर फिरवली. खरंच जागा नव्हती. सगळं असं पक्कं करून टाकलं होतं की माणसानं नेमकं तिथंच बसावं.

"टोपी तरी घाला," तो म्हणाला.

रणधीर हसला, आणि मग हसल्याबद्दल त्याला वाईट वाटलं. तो उठून बंडप्पाच्या पाया पडला, म्हणाला, "येत जा काका. चहाला येत जा." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो परत खुर्चीत जाऊन बसला.

स्टँडच्या कडेला सास्तूरच्या जीपा लागतात. बंडप्पा तिथं आला तेव्हा ऊन उतरलं होतं. "सास्तूर, सास्तूर, चला एक सीट, एक सीट!" ड्रायव्हर वीरप्पा ओळखीचा, त्याच्याच गावचा. "चल बंडप्पाकाका, पुढं बस."

"तू हो पुढं. म्या मागच्यानं येतो."

इथून, लिंबाच्या खोडाशी उभं राहिलं की दुकानाची काच सरळ समोर येते. काचेतून कपाट दिसतं आणि कपाटाखाली रणधीरचं डोकं. तो कुणाशी बोलत होता, मशीनवर बोटं चालवत होता. मधूनच खुर्ची मागं रेलवून तो मान वर करायचा, आळोखेपिळोखे द्यायचा. तेव्हा बंडप्पाचा श्वास अडकायचा आणि खुर्ची पुढं आली की सुटायचा. एक जीप गेली. दुसरी भरली, गेली. रस्त्यावरून ट्रक गेला की त्याला इथं, रस्त्याच्या पल्याड, किणकिण ऐकू यायची. ऐकू येणं शक्य नव्हतं, पण यायची.

प्रेमाबाईचा फोन आला. "अहो, भाकरी गार झाली. कुठं हाव?"

"स्टँडवर."

"मग गाडी न्हाय का?"

"हाय की."

"मग बसा की गाडीत!"

त्यानं फोन खिशात ठेवला. वीरप्पा एक खेप टाकून परत आला, तरी हा तिथंच. "काका, काय करायलाव हितं? ही शेवटची हाय माझी. मागनं गाडी न्हाय."

बंडप्पानं दुकानाकडं बघितलं. दुकान आणखी चार तास उघडं राहणार होतं. उद्या बारा तास. परवा बारा तास. आणि तो इथं उभा राहिला काय, सास्तुरात बसला काय, त्या फळ्यांना, त्या खुर्चीला, त्या पोराच्या डोक्याला त्याचं काहीच पोहोचणार नव्हतं.

तो मागच्या सीटवर बसला, पाठीमागं तोंड करून. शेजारच्या बाईनं ज्वारीच्या पिठाचा डबा मांडीवर घेतला होता, जागा करायला तिनं डबा वर टपाकडच्या कप्प्यात सरकवला. बंडप्पानं तो उतरवून आपल्या पायाशी ठेवला. बाई बघत राहिली.

जीप निघाली. मागच्या काचेत दुकान पेटीएवढं झालं, मग काडेपेटीएवढं, मग नुसता एक जांभळा ठिपका.

"काय बघायलाव, मामा?" बाईनं विचारलं.

"दिसंना झालं," तो म्हणाला, आणि वळण आलं.